'मॅडम, छापलेलं होतं!'



या ब्लॉगवर मी सहसा एखादा आजार, एखादी तपासणी किंवा एखादं औषध घेऊन लिहिते. आज कागदाबद्दल लिहिणार आहे. तुम्ही माझ्या केबिनमध्ये घेऊन येता तो कागद. कधी वर्तमानपत्राचं कात्रण असतं, कधी मासिकातून फाडलेलं पान, कधी मोबाईलवर आलेला फोटो, आणि हल्ली वरचेवर 'जर्नल'ची प्रिंट. ती समोर ठेवताना तुमच्या चेहऱ्यावर एक भाव असतो: आता बोला डॉक्टर, हे तर शास्त्रीय आहे!

मागच्या पावसाळ्यात कोपरखैरण्याचे एक काका आले. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून आयुष्यभर पोती वाहिली, आता घरीच असतात. डायबिटीस अकरा वर्षांचा. गोळ्या नियमित, दर तीन महिन्यांनी तपासणीला हजर, रिपोर्टांची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. माझ्या यादीतले शहाणे पेशंट.

त्या दिवशी मुलाने हात धरून आणलं. तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, उजव्या पायाला फडकं बांधलेलं. बोट टोचून शुगर पाहिली तर 468. फडकं सोडलं आणि वासावरूनच कळलं. चपलेचा खिळा लागला होता, कधी लागला ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. जुन्या डायबिटीसमध्ये पायाच्या नसा बधिर होतात, जखम दुखत नाही आणि म्हणून ती वाढते.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

काका गप्प. मुलगा म्हणाला, "पाच आठवडे झाले, बंद केल्यात."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, चिडले होते एवढंच सांगते. काकांनी शांतपणे पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, छापलेलं होतं."

त्यांना ताबडतोब वाशीला दाखल केलं. इन्शुलिन, सलाईन, अँटिबायोटिक. पाय वाचला, अंगठ्याशेजारचं बोट मात्र काढावं लागलं. ते दोन कागद माझ्याच टेबलावर राहिले. रात्री ओपीडी संपल्यावर मी ते वाचायला घेतले.

पहिला कागद एका मराठी मासिकाचं रंगीत पान. हिरव्या पानांचा फोटो, हसणारे आजी-आजोबा, आणि मोठं शीर्षक : अमुक चूर्णाने मधुमेह मुळापासून बरा, आंतरराष्ट्रीय जर्नलचे शिक्कामोर्तब! कोपऱ्यात, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात, 'जाहिरात'. दुसरा कागद म्हणजे ते जर्नलच. काकांच्या मुलाने हौसेने शोधून छापून आणलेला पाच पानी इंग्रजी लेख. वर निळी पट्टी, 'इंटरनॅशनल जर्नल' असं नाव, आयएसएसएन नंबर, इम्पॅक्ट फॅक्टर, सगळं जागच्या जागी.

ती निळी पट्टी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. ते का, ते शेवटी सांगते.

आधी तो लेख. मी तो तीनदा वाचला. मोजके पेशंट, एक महिना चूर्ण, आधी आणि नंतर उपाशीपोटीची शुगर. ज्यांना चूर्ण दिलं नाही असा तुलनेचा गटच नाही. एचबीएवनसी केलेलीच नाही, आणि केली असती तरी महिनाभरात तिचा पूर्ण अर्थ लागला नसता. कारण आपली लाल रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते आणि ही तपासणी साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते. त्यातच या पेशंटना आहार बदलायला सांगितला होता, रोज चालायला सांगितलं होतं. मग शुगर उतरली ती चूर्णाने, की भात कमी केल्याने? या लेखावरून ते कुणालाच सांगता येणार नाही.

पण मला हादरवलं ते तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याने. सर्व पेशंटच्या नेहमीच्या गोळ्या अभ्यासभर चालू ठेवल्या होत्या, असं तिथे सरळ लिहिलं होतं.

म्हणजे बघा. लेख सुमार होता, पण गोळ्या बंद करा असं त्या लेखानेही म्हटलं नव्हतं. ते म्हटलं जाहिरातीने. जाहिरातीला वजन दिलं जर्नलच्या नावाने. आणि काकांनी विश्वास ठेवला तो छापील अक्षरावर. लहानपणापासून आपण सगळेच ठेवत आलो तसा. शाळेचं पुस्तक, पंचांग, सातबारा : छापलेलं ते खरं.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवते. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. 1954 सालच्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांची यादी आहे, त्यात मधुमेह आहे. सत्तर वर्षं जुना कायदा. तरी तुम्ही लोकलमध्ये मान वर करून बघा.

आता मुद्द्यावर येते. जर्नल म्हणजे काय आणि मासिक म्हणजे काय?

फरक सांगायला मला आपल्याच मुंबईतली एक गोष्ट फार आवडते. सर्पगंधा ही वनस्पती तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा कितीतरी गोष्टींवर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरलेली मुळी. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या डॉक्टरांनी तिच्यावर लिहिलं होतं, भारतात तिच्या गोळ्याही मिळत होत्या. पण जगाला त्याचा पत्ता नव्हता. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयविकारतज्ज्ञ होते. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या पेशंटना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये 50 पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला.

सहा पानांचा कोरडा लेख. फोटोत हसणारे आजी-आजोबा नाहीत. पण तो लेख बोस्टनमधल्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि आपल्या पेशंटवर हेच करून पाहिलं. त्यांनाही रक्तदाब उतरलेला दिसला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं. पुढे कितीतरी वर्षं जगभर रक्तदाबासाठी ते वापरलं गेलं. 1957 साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

गोष्ट इथेच थांबत नाही. डॉक्टर जसजसे रेसरपिन जास्त वापरू लागले, तसतसे त्याचे दुष्परिणाम पुढे आले. नाक चोंदणं, मरगळ, काहींना नैराश्य. तेही जर्नलांमध्येच छापून आलं. नंतर अधिक चांगली औषधं निघाली आणि आज मी कुणाला रेसरपिन लिहून देत नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. मागे एकदा मी चूर्णांबद्दल लिहिलं तेव्हा काही वाचकांनी मला आयुर्वेदद्वेष्टी ठरवलं होतं! प्रश्न मुळीचा नाही आणि पॅथीचाही नाही. परळच्या डॉक्टरने कुठली मुळी, किती, कुणाला, किती दिवस दिली आणि काय झालं हे अशा रीतीने लिहून ठेवलं की सात समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला ते पडताळून पाहता आलं. खोटं ठरवायचं असतं तर खोटंही ठरवता आलं असतं. जर्नल असतं ते यासाठी. एका कामकऱ्याने दुसऱ्या कामकऱ्याला दिलेला तो हिशेब असतो. तुम्हाला-मला रमवणं हे त्याचं कामच नाही, म्हणून ते इतकं रटाळ असतं.

मासिकाचं काम वेगळं. ते तुमच्यासाठी लिहिलेलं असतं, तुम्हाला कळावं म्हणून. त्यात हलकं काही नाही, हे मी ठासून सांगते. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मासिकच होतं, जर्नल नव्हे. 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं त्यांनी ते चालवलं. स्वतः डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमन, गुप्तरोग, बायकांचं आरोग्य या विषयांवर ज्या काळात तोंड उघडायची चोरी होती, त्या काळात ते साध्या मराठीत लिहीत राहिले. खटले झाले, दंड भरला. एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. एखाद्या शोधनिबंधाने जेवढ्या बायकांचं भलं केलं नसेल, तेवढं त्या मासिकाने केलं असेल, असं मला वाटतं. तेव्हा मासिक वाईट आणि जर्नल चांगलं, असं डोक्यात घेऊ नका. प्रश्न एवढाच आहे की समोरचा कागद या दोहोंपैकी कोण आहे, आणि जो नाही त्याचं सोंग तर घेत नाहीये ना.

कागद हातात आल्यावर मी काय बघते, ते सांगते.

लेखकाचं नाव, आणि नावापुढे तो काम करतो ती संस्था. मासिकात नुसतं नाव चालतं, कधी तेही नसतं, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असतं. जर्नलमध्ये पत्त्यासकट असतं, कारण शंका आली तर पत्र कुणाला लिहायचं ते कळायला हवं. मग लेख संपादकांकडे कधी आला आणि कधी स्वीकारला, त्या तारखा. बऱ्याच चांगल्या जर्नलांत त्या छापतात आणि दोहोंमध्ये काही आठवडे, बहुधा काही महिने गेलेले असतात. त्या मधल्या काळात त्याच विषयातले दोन-तीन लोक, फुकट आणि बहुतेक वेळा नाव न सांगता, तो लेख वाचून त्यातल्या चुका काढतात. याला म्हणतात पीअर रिव्ह्यू. आपल्या सुनेच्या स्वयंपाकाला शेजारच्या तीन सासवांनी मार्क देण्यासारखं ते असतं. वेदना होतात, पण मीठ कमी पडलेलं कळतं.

त्यानंतर 'पद्धत' हा भाग. माझ्या मते लेखाचा जीव इथे असतो. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर? तुलना कशाशी केली? माझ्या पाहण्यात बातम्यांमधले निम्मे 'चमत्कारी शोध' उंदरांशी येऊन थांबतात. हळदीने कर्करोग पळतो, कारल्याने स्वादुपिंड जागं होतं. कुठल्यातरी प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर काही झालेलं असतं, मासिकापर्यंत येताना त्या पेशींचा माणूस होतो आणि व्हॉट्सॲपवर येईपर्यंत तो माणूस 'माझ्या मावसभावाच्या साहेबांचे वडील' होतो.

आणि मला सगळ्यात आवडतो तो शेवटाकडचा, 'मर्यादा' नावाचा परिच्छेद. आमचे पेशंट कमी होते, आम्ही सहाच महिने पाहिलं, हे निष्कर्ष सगळ्यांना लागू होतील असं नाही, असं लेखक स्वतःच कबूल करतात. तुम्ही कधी जाहिरातीत 'आमच्या मर्यादा' असं वाचलंय? त्याच्याच आसपास पैसे कुणी दिले आणि लेखकाचे कुठल्या कंपनीशी संबंध आहेत, हेही असतं. तेही वाचा.

काही खुणा मात्र फसव्या आहेत. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाला मिळणारा क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. दिवाळी अंकालाही तो मिळू शकतो. गाडीला नंबरप्लेट असते म्हणून ड्रायव्हर चांगला ठरत नाही. 'इंटरनॅशनल' शब्दाला काहीच किंमत नाही. आमच्या सेक्टरमध्ये दोन इंटरनॅशनल सलून आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर हा खरा आकडा असतो, पण तशाच नावाचे बनावट आकडे विकत देणारेही आहेत. जाहिराती असणं-नसणं यावरूनही ठरत नाही, कारण डॉक्टरांच्या नामांकित जर्नलांतही औषधकंपन्यांच्या पानभर जाहिराती असतात. आणि चांगल्या जर्नलमध्ये छापलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे संशोधन नसतं. त्यात संपादकीय असतं, वाचकांची पत्रं असतात, एकाच पेशंटची हकीकत असते. 'लॅन्सेटमध्ये आलंय' असं कुणी म्हणालं तर विचारा, लेख म्हणून की पत्र म्हणून?

यात एक अडचण आहे, आणि ती तुमची चूक नाही. वैद्यकातली जवळजवळ सगळी जर्नलं इंग्रजीत. मुंबईतूनच निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' घ्या. जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचे डॉक्टर 1955 पासून ते चालवत आले आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. पण काकांना त्याचा काय उपयोग? मराठी वाचकाला जर्नल थेट कधी भेटतच नाही, भेटतो तो मधला माणूस. वार्ताहर, मासिकाचा संपादक, जाहिरातदार, ब्लॉगवाली डॉक्टर. म्हणून मधल्या माणसाकडे एक गोष्ट हक्काने मागा : मूळ लेखाचं नाव. कुठलं जर्नल, कुठलं वर्ष. 'अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आढळले आहे' यावर समाधान मानू नका. नाव मिळालं की घरातल्या कॉलेजवाल्या पोराला कामाला लावा. पबमेड नावाची अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची फुकट शोधयादी आहे. तिच्यात लेखाचं इंग्रजी नाव टाकायचं. काकांच्या मुलाने नंतर माझ्यासमोर मोबाईलवर टाकून पाहिलं. दोन मिनिटं लागली. चूर्णाचा लेख तिथे नव्हता.

यादीत नाही म्हणजे खोटंच असं नाही आणि आहे म्हणजे खरंच असंही नाही, पण निदान दार ठोठावून पाहिल्यासारखं होतं. आणखी एक फायदा म्हणजे एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर तिथे ठळक सूचना दिसते. गोवराच्या लसीने मुलं स्वमग्न होतात, ही भीती अजून माझ्या केबिनमध्ये येते. तिचं मूळ 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका लेखात आहे. पेशंट किती? बारा मुलं. 2010 मध्ये लॅन्सेटने तो लेख पूर्ण मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र भीतीइतक्या वेगाने कधीच पसरली नाही. 2022 च्या अखेरीस खाडीपलीकडे गोवंडीत गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली, तेव्हाही लस न घेण्याची कारणं विचारली की त्यात हे एक असायचंच. एकटं तेच कारण होतं असं मी म्हणत नाही. गरिबी होती, कोविडमध्ये चुकलेले डोस होते. पण तेही होतं.

म्हणजे मोठी जर्नलंही चुकतात, अगदी डोळ्यांदेखत चुकतात. 2020 चा मार्च आठवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव टीव्हीवर आलं आणि इथल्या केमिस्टांकडची पाकिटं गायब झाली. संधिवातासाठी ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माझ्या एका पेशंटसाठी मी वाशीपासून पनवेलपर्यंत फोन करत होते. मग 22 मे रोजी लॅन्सेटमध्ये एक भला मोठा अभ्यास आला, सहा खंडांतल्या 96,032 पेशंटचा. त्यात म्हटलं होतं, ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त. जगभर चाचण्या थांबल्या. पण लोकांनी आकडे तपासायला सुरुवात केली आणि ते जुळेनात. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर त्या पुरवणाऱ्या कंपनीने दाखवल्या नाहीत. 4 जूनला लेख मागे घेतला गेला. तेरा दिवस! गोळीचा कोविडवर उपयोग नाही हे पुढे नीट केलेल्या चाचण्यांतून कळलंच, पण ते वेगळं. सांगायचं ते हे की चूक सापडली, कारण आकडे मांडलेले होते आणि विचारायला माणसं होती. काकांच्या हातातल्या जाहिरातीला कोण विचारणार होतं?

आता तो निळा पट्टा.

काही वर्षांपूर्वी मी एका मेडिकल कॉलेजात शिकवत होते. बढतीसाठी मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे शोधनिबंध लागत. ओपीडी, लेक्चरं, परीक्षा, घरी लहान मूल, यातून वेळ काढून मी एक निबंध लिहिला आणि एका चांगल्या जर्नलकडे पाठवला. दोन परीक्षकांनी तीन पानं शेरे लिहून तो परत केला. शेरे बरोबर होते, आज कळतंय. तेव्हा रडू आलं होतं. मुलाखत दोन महिन्यांवर. एका सहकाऱ्याने सांगितलं, अगं, अमुक ठिकाणी पाठव, लगेच घेतात.

पाठवला. चौथ्या दिवशी स्वीकृतीची ईमेल आली. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा, छान काम आहे म्हणून. सोबत बँक खात्याचा नंबर, साडेतीन हजार रुपये. मी भरले. निबंध छापून आला, वर निळी पट्टी, 'इंटरनॅशनल जर्नल'. आईने त्याची प्रिंट दादरच्या मावशीला दाखवली.

एक लक्षात घ्या, लेखकाकडून पैसे घेणं हा आपोआप गुन्हा नाही. काही अत्यंत चांगली जर्नलं वाचकाला फुकट देता यावं म्हणून लेखकाकडून फी घेतात. पण ती आधी तपासतात आणि पसंत नसेल तर नाही म्हणतात. माझ्या निबंधाला कुणी तपासलंच नव्हतं. मला हे कसं माहीत? त्यातल्या दुसऱ्या तक्त्यात टक्केवारीची बेरीज 104 होते. माझीच चूक. चौथीतल्या मुलाला सापडली असती.

मी एकटी नव्हते, हे सांगून सुटका करून घेत नाही, पण चित्र कळावं म्हणून सांगते. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातर्फे जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध 304 जर्नलांकडे पाठवला. 157 जणांनी तो स्वीकारला. त्यातल्या भारतातून चालणाऱ्या जर्नलांपैकी 64 जणांनी घेतला, 15 जणांनी नाकारला. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली जर्नलं तपासली, तर शंभरातली सुमारे 88 निकषांना उतरत नव्हती. 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून 4,305 जर्नलं एका फटक्यात काढून टाकली. अशी दुकानं चालतात ती आमच्यासारख्यांच्या फीवर. मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडलं? एक निरुपद्रवी कागद, माझ्या फाईलमध्ये पडून राहील.

काकांच्या चूर्णाचा लेख त्याच प्रकाशकाचा होता. त्याच पत्त्यावरून निघणाऱ्या डझनावारी जर्नलांपैकी एक. माझे साडेतीन हजार आणि चूर्णवाल्यांची फी एकाच खात्यात गेली होती.

बोट काढल्यावर तिसऱ्या दिवशी मी काकांना भेटायला वाशीला गेले. त्यांना हे सगळं सांगितलं, माझ्या निबंधासकट. वाटलं होतं, चिडतील. ते बराच वेळ पायाच्या बँडेजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मार्केटात वजनकाट्याला हात लावतात, तसंच की."

आता ते पुन्हा दर तीन महिन्यांनी येतात. गोळ्या चालू आहेत, परवाची एचबीएवनसी 7.4. पिशवीत फाईलबरोबर एखादं कात्रण असतंच, पण ते टेबलावर ठेवायच्या आधी स्वतःच म्हणतात, "मॅडम, हे उंदराचं आहे, पोरानं बघितलं. तरी तुम्ही एकदा बघा."

मी त्या प्रकाशकाला ईमेल केली की माझा निबंध मागे घ्या, त्यात चूक आहे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. निबंध मागे घेण्याची फी आहे, आधी ती भरावी लागेल. मी भरलेली नाही, भरणारही नाही. दर महिन्याला एक ईमेल पाठवते, उत्तर येत नाही. कॉलेजला मात्र लेखी कळवलं आहे आणि माझ्या बायोडेटामधून ती ओळ खोडली आहे. निबंध इंटरनेटवर अजून आहे. कुणी त्याची प्रिंट घेऊन माझ्याकडे आलात, तर आधी दुसऱ्या तक्त्याची बेरीज करून या.